पोट नेमकं कशाने बिघडलं? एका शनिवारचा डेटा

आमचा सात जणांचा एक ग्रुप आहे. सगळे पीएचडीवाले किंवा पीएचडी अर्धवट सोडून नोकरीला लागलेले. गेली दोन वर्षं आमचा एक नियम आहे: महिन्यातला एक शनिवार, लोकलचं एक स्टेशन, आणि माणशी दोनशे रुपये. त्या स्टेशनाच्या आसपास चालत जाता येईल तिथे जाऊन आपण आधी कधीच न खाल्लेलं काहीतरी खायचं. फेलोशिप वेळेवर जमा झाली असेल तर दोनशेचे तीनशे होतात, पण हा प्रसंग क्वचितच येतो.

या नियमामुळे आम्ही बरंच काही खाल्लं. माटुंग्याला उडुपी हॉटेलात रसम वडा आणि केळीच्या पानावरचं जेवण. धोबी तलावला इराण्याकडे ब्रून मस्का. उल्हासनगरला सकाळी सकाळी जाऊन दाल पकवान. रमजानमध्ये मोहम्मद अली रोडवर नल्ली निहारी आणि मालपुवा (तेव्हा माणशी दोनशेचा नियम अर्थातच मोडला). घाटकोपरच्या खाऊगल्लीत तर एका संध्याकाळी डोशांचे इतके प्रकार पाहिले, की शेवटी साधा डोसा मागायची लाज वाटायला लागली.

आज मात्र ज्या शनिवारबद्दल लिहायचंय तो आमच्या फार अभिमानाचा नाही. स्टेशनाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेलच.

काय झालं

मे महिन्याचा शेवट होता. स्टेशनच्या बाहेर एक पाणीपुरीची गाडी होती आणि तिथे कच्च्या कैरीचं पाणी मिळतं असं रोहनला कुठूनतरी कळलं होतं. संध्याकाळी साडेसातला आम्ही तिथे उभे होतो. सोनलचा घसा बसला होता म्हणून ती नुसती उभी राहिली, बाकी सहा जणांनी खाल्ली. कैरीचं पाणी खरोखर मस्त होतं.

आठ वाजता पश्याला मळमळायला लागलं आणि गटाराच्या कडेला उभं राहून त्याने सगळं बाहेर काढलं. पंधरा मिनिटांनी माझा नंबर लागला. आता सातातले दोघं अर्ध्या-पाऊण तासात ओकतायत आणि समोर पाणीपुरीची गाडी आहे, तर पुढे काय होणार हे सांगायला नको. आम्ही त्या माणसावर ओरडलो. "पानी कहाँ का है?", "हात धोते हो क्या?" वगैरे. तो काहीतरी सांगत होता, पिण्याच्या पाण्याचा जार उचलून दाखवत होता, पण ऐकायला कोणी तयार नव्हतं. गाडीभोवतीचं गिऱ्हाईक पांगलं. रोहनने व्हिडिओ काढला आणि मुंबईतल्या खाण्याच्या जागांच्या एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकून दिला.

आणि मी? मी सूक्ष्मजीवशास्त्रात पीएचडी करते. सगळ्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "पाण्यातूनच ना?" मी रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "हो, शंभर टक्के."

ते 'शंभर टक्के' मला अजून टोचतं. वैज्ञानिक म्हणून तर टोचतंच, माणूस म्हणून जास्त.

सोमवारी कळलेली एक गोष्ट

सोमवारी सकाळी चहाच्या वेळी सोनल सहज म्हणाली, "मला पण शनिवारी रात्री नऊला दोनदा उलटी झाली. तुमचं बघून झाली असेल म्हणून बोलले नाही."

सोनलने पाणीपुरी खाल्लीच नव्हती.

एवढं वाक्य ऐकून माझा चहा तसाच राहिला. मी वहीचं एक पान फाडलं आणि शनिवारी दुपारपासून कोणी काय खाल्लं ते सगळ्यांना फोन करून लिहून काढलं. हे काम शनिवारी रात्रीच करायला हवं होतं. ते कसं करतात ते आता सांगते, कारण ते कोणालाही जमण्यासारखं आहे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, दोनच प्रश्न लागतात.

पहिला प्रश्न: किती वेळाने?

आपण काहीतरी दूषित खातो आणि त्रास सुरू होतो, यामधल्या काळाला इन्क्युबेशन पिरियड म्हणतात. प्रत्येक जंतूचा हा काळ साधारण ठरलेला असतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच मोठा असतो. काही उदाहरणं:

साल्मोनेला: 6 तास ते 6 दिवस.
नोरोव्हायरस: 12 ते 48 तास.
टायफॉइड: 6 ते 30 दिवस.
हिपॅटायटिस ए, म्हणजे दूषित पाण्यातून होणारी कावीळ: 15 ते 50 दिवस.

शेवटची ओळ पुन्हा वाचा. आज कावीळ झाली तर ज्या पाण्याने ती झाली ते तुम्ही कदाचित गेल्या महिन्यात प्यायलात. कोणत्या गाडीवर, कोणत्या लग्नात, कोणत्या ऑफिसच्या कूलरवर, कोणाला आठवणार? पण आपण विचारतो काय, तर "काल काय खाल्लंस?"

यामागचं कारण सोपं आहे. यातले बहुतेक जंतू पोटात जाऊन आधी वाढतात, आतड्याला चिकटतात, मग त्रास देतात. त्याला वेळ लागतो. अर्ध्या तासात त्यांना ते जमत नाही.

मग काही तासांत उलट्या होतात त्या कशाने? तिथे प्रकार वेगळा असतो. काही जिवाणू अन्नातच वाढतात आणि अन्नातच विष तयार करून ठेवतात. आपण जिवाणू नव्हे, तयार विष खातो, म्हणून परिणाम लवकर दिसतो. यात दोन नावं मुख्य. एक स्टॅफिलोकॉकस ऑरियस, जो दर दहा जणांपैकी साधारण तिघांच्या नाकात मुक्कामाला असतो आणि हातावाटे अन्नात उतरतो. त्याचा त्रास 30 मिनिटं ते 8 तासांत सुरू होतो. दुसरा बॅसिलस सेरियस. त्याचा उलट्यांचा प्रकार 30 मिनिटं ते 6 तासांत सुरू होतो आणि बहुतेक वेळा दिवसभरात थांबतो.

आमच्या तिघांच्या उलट्या आठ, सव्वाआठ आणि नऊ वाजता सुरू झाल्या. ताप कोणालाच नव्हता आणि रविवारी सकाळी तिघंही ठणठणीत होतो. म्हणजे हा विषाचाच प्रकार वाटत होता. पाणीपुरीला दोषी धरायचं तर अर्धा तास ही अगदी खालची मर्यादा होती. अशक्य नाही, पण फार घाईचं. आणि सोनलचं काय?

दुसरा प्रश्न: कोणी खाल्लं, आणि कोणी नाही?

साथीच्या रोगांचा अभ्यास शिकवताना एक जुनं उदाहरण हमखास देतात. 1940 सालच्या एप्रिलमध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो परगण्यात एका चर्चचं सामुदायिक जेवण होतं. 80 माणसं आली आणि त्याच रात्री बरीचशी आजारी पडली. तपास करणाऱ्यांनी 75 जणांना गाठून कोणी काय काय खाल्लं ते विचारलं. त्यातले 46 आजारी होते.

आता समजा तुम्ही फक्त आजारी लोकांना विचारलंत, "हॅम खाल्लं होतं का?" तर 46 पैकी 29 जण हो म्हणतात. झालं, हॅम दोषी! पण थांबा. हॅम खाल्लेले एकूण 46 होते, त्यातले 29 आजारी, म्हणजे 63 टक्के. हॅम न खाल्लेले 29 होते, त्यातले 17 आजारी, म्हणजे 59 टक्के. खा किंवा नका खाऊ, जवळजवळ सारखंच. म्हणजे हॅमचा काही संबंध दिसत नाही.

आता व्हॅनिला आइस्क्रीम बघा. खाल्लेले 54, आजारी 43, म्हणजे 80 टक्के. न खाल्लेले 21, आजारी 3, म्हणजे 14 टक्के. फरक डोळ्यांत भरतो. आइस्क्रीमचं मिश्रण आदल्या दिवशी करून रात्रभर तसंच ठेवलेलं होतं.

या पद्धतीचा सगळा जीव 'न खाल्लेल्या' माणसांत आहे. ज्यांनी खाल्लं नाही आणि तरी आजारी पडले, किंवा ज्यांनी खाल्लं आणि काही झालं नाही, ते आपल्याला सगळ्यात जास्त माहिती देतात. आणि आपण नेमकं त्यांनाच विचारत नाही.

मित्रांबरोबर बाहेर खायला जाणं हा या दृष्टीने जवळजवळ तयार प्रयोग असतो. एकाचा उपास, एकाचा घसा खराब, एकाला कांदा चालत नाही, एक उशिरा येतो आणि तोवर पहिली प्लेट संपलेली असते. प्रत्येकाच्या ताटात थोडा थोडा फरक पडतो, आणि त्या फरकातच उत्तर असतं.

आमच्या सात जणांचं पान असं भरलं. पाणीपुरी खाल्लेले सहा, त्यातले दोघं आजारी, म्हणजे 33 टक्के. पाणीपुरी न खाल्लेली एक, सोनल, ती आजारी, म्हणजे 100 टक्के. या हिशेबाने तर पाणीपुरी औषधच म्हणायची!

मग मी मागे गेले. साडेचार वाजता आम्ही चौघं आमच्या फ्लॅटवर होतो: मी, मुग्धा, सोनल (आम्ही तिघी एकत्र राहतो) आणि पश्या, जो चहाला म्हणून येतो आणि जेवून जातो. बाकी तिघं, म्हणजे रोहन, दीप्ती आणि अन्वर, परस्पर स्टेशनवर भेटले. फ्लॅटवर आम्ही फोडणीचा भात खाल्ला. मुग्धाला भूक नव्हती, तिने दोन चमचे खाल्ले आणि ताटली पश्याकडे सरकवली.

भात खाल्लेले चार, त्यातले तीन आजारी. भात न खाल्लेले तीन, त्यातलं कोणीही नाही. आजारी न पडलेली चौथी म्हणजे दोन चमचेवाली मुग्धा. साडेचार ते आठ म्हणजे साडेतीन तास, साडेचार ते नऊ म्हणजे साडेचार तास. घड्याळही जुळत होतं.

तो भात मी केला होता.

माझाच जिवाणू

इथे माझ्या विषयाबद्दल थोडं सांगावं लागेल. मी चार वर्षं बॅसिलस सबटिलिस नावाच्या जिवाणूच्या बीजाणूंवर, म्हणजे स्पोअर्सवर काम करते. परिस्थिती वाईट झाली की हा जिवाणू आपला जनुकीय ऐवज एका जाड कवचात बंद करून झोपी जातो. न पाणी, न अन्न, न हालचाल. नंतर परिस्थिती सुधारली की काही मिनिटांत जागा होतो. तो जागा कसा होतो, एवढाच माझ्या प्रबंधाचा प्रश्न. सबटिलिस निरुपद्रवी आहे. बॅसिलस सेरियस हा त्याचा नातेवाईक, आणि झोपायची-उठायची पद्धत बरीचशी तीच.

सेरियसचे बीजाणू मातीत असतात, म्हणून तांदळातही असतात. तांदूळ तीनदा धुतला तरी थोडे राहतातच. पातेल्यात भात शिजवला तर पाणी 100 अंशाच्या वर जात नाही. त्यात साधे जिवाणू मरतात, बीजाणू वाचतात. उलट ही उष्णता त्यांना उठवायला मदतच करते. आता भात निवू लागतो. प्रतिस्पर्धी सगळे मेलेले, ओलावा भरपूर, खायला स्टार्च. बीजाणूला याहून चांगली सकाळ कुठे मिळणार?

शुक्रवारी रात्री नऊला मी भाताचं मोठं पातेलं उतरवलं. फ्रीज छोटा, त्यात आंब्यांची पेटी रिकामी करून ठेवलेली, म्हणून पातेलं ओट्यावरच राहिलं. मे महिन्यातली मुंबई, रात्रीही घरात तीसच्या आसपास. शनिवारी चारला त्याला फोडणी घातली. मध्ये 19 तास गेले.

कागदावर हिशेब करू. समजा ग्रॅमभर भातात 100 जिवाणू जागे झाले आणि दर अर्ध्या तासाला दुप्पट झाले. दहा तासांत वीस वेळा दुप्पट. दोनाचा विसावा घात म्हणजे साधारण दहा लाख. शंभराचे दहा कोटी झाले. प्रत्यक्षात सुरुवातीला ते रेंगाळतात आणि शेवटी अन्न कमी पडतं, त्यामुळे आकडा इतका सरळ वाढत नाही. पण ग्रॅमला एक लाखाच्या पुढे संख्या गेली की धोका मानतात, आणि तिथे पोचायला त्यांच्याकडे वेळच वेळ होता.

"पण फोडणी देताना चांगला परतला होता ना?" हे मुग्धाने विचारलं आणि तुम्हीही विचाराल. खरी गंमत इथेच आहे. सेरियस जे उलट्यांचं विष बनवतो त्याचं नाव सेरेयुलाइड. ते 121 अंशाला दीड तास तापवलं तरी टिकतं. आमच्या लॅबमध्ये ऑटोक्लेव्ह 121 अंशाला 15 मिनिटं चालवला की आम्ही म्हणतो, सगळं निर्जंतुक झालं. बीजाणूसुद्धा मरतात. पण हे विष तयार झालेलं असेल तर त्या ऑटोक्लेव्हमधूनही ते सहीसलामत बाहेर येईल. माझ्या कढईतल्या मोहरी-हिंगाची काय कथा!

1971 च्या सुमारास ब्रिटनमध्ये चिनी हॉटेलांतल्या फ्राइड राइसमुळे लोकांना उलट्या झाल्याच्या घटना पुढे आल्या, तेव्हा या प्रकाराकडे नीट लक्ष गेलं. कारण तेच: भात आधी शिजवून बाहेर ठेवायचा आणि ऑर्डर आली की परतायचा. फ्राइड राइस आणि फोडणीचा भात, दोघांची कुंडली एकच.

मग आपल्या आज्या आयुष्यभर शिळा भात परतून खात आल्या, त्यांना काही झालं नाही ते कसं? याची दोन-तीन उत्तरं आहेत. सेरियसच्या सगळ्याच जाती हे विष बनवत नाहीत. घरात उरलेला भात थोडा असतो, तो लवकर निवतो आणि सकाळीच संपतो. भात रात्री पाणी किंवा ताक घालून ठेवला तर तो आंबतो, आणि आंबट अन्नात हा जिवाणू सहज वाढत नाही. आणि काही वेळा झालंही असेल. त्याला 'पित्त' म्हणून सोडून दिलं असेल.

मी हे सिद्ध केलेलं नाही, हे स्पष्ट सांगते. भात संपला होता, पातेलं घासून झालं होतं, नमुना तपासायला काही उरलं नव्हतं. सात माणसांवरून कोणी शोधनिबंध लिहीत नाही. पण घड्याळ आणि तक्ता, दोघांचंही वजन भाताकडे झुकत होतं. पाणीपुरीकडे बोट दाखवायला आमच्याकडे काय होतं? ती शेवटची होती, एवढंच.

आपण चुकीच्या पदार्थाला का पकडतो

'शेवटची' इतकंच नाही, आणखी एक गोष्ट होती. ती नवीन होती.

1955 साली जॉन गार्सिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना सॅकरिन घातलेलं गोड पाणी प्यायला दिलं आणि त्याच वेळी गॅमा किरणांचा मारा केला, ज्याने त्यांना मळमळतं. नंतर त्या उंदरांनी गोड पाणी टाळायला सुरुवात केली. पाण्याचा काहीच दोष नव्हता, पण मेंदूने जोडणी करून टाकली. पुढच्या प्रयोगांत दिसलं, की अशी जोडणी व्हायला एकच अनुभव पुरतो, चव आणि मळमळ यात काही तासांचं अंतर असलं तरी चालतं, आणि ओळखीच्या चवीपेक्षा नव्या चवीवर आळ लवकर येतो.

उंदीर आणि माणूस दोघंही मिळेल ते खाणारे प्राणी. नव्या पदार्थात अन्न असू शकतं, तसंच विषही असू शकतं. त्यामुळे 'काही बिघडलं तर आधी नव्याला पकडा' हा जंगलात शहाणपणाचा नियम होता. पण दर महिन्याला मुद्दाम नवीन काहीतरी शोधून खाणाऱ्या ग्रुपसाठी हा नियम म्हणजे पंचाईत. लहानपणापासूनचा फोडणीचा भात आणि पहिल्यांदा चाखलेलं कैरीचं पाणी समोरासमोर आले, तर पोट कोणाचं नाव घेणार हे आधीच ठरलेलं असतं.

मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिगमन यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. बेअर्नेझ नावाचा फ्रेंच सॉस खाऊन ते ऑपेराला गेले आणि त्या रात्री त्यांना जोरदार उलट्या झाल्या. नंतर कळलं की त्यांच्या एका सहकाऱ्यालाही तोच पोटाचा संसर्ग झाला होता, आणि तोच सॉस खाल्लेली त्यांची पत्नी मात्र ठीक होती. म्हणजे सॉस निर्दोष. हे सगळं समजूनही त्यांना तो सॉस नकोसा झाला तो झालाच.

आणि तिसरं कारण, जे कुठल्याही उंदरात नसतं. तो माणूस रस्त्यावर उभा होता. त्याची गाडी जुनी होती, तो दुसऱ्या राज्यातून आलेला होता, आणि आम्ही सातही जण त्याला 'भैया' म्हणून हाक मारत होतो. हेच एखाद्या एसी हॉटेलात झालं असतं तर आम्ही मॅनेजरला बोलावून 'सर' म्हणत तक्रार केली असती आणि व्हिडिओ काढण्याआधी दहादा विचार केला असता.

जिवाणूला एसी कळत नाही. त्याला दोनच गोष्टी कळतात: तापमान आणि वेळ. 5 ते 60 अंश हा त्याच्या वाढीचा पट्टा, आणि शिजवलेलं अन्न साध्या तापमानाला दोन तासांहून जास्त ठेवू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या कसोटीवर कढईतून थेट पावात जाणारा वडा उत्तम. लग्नाच्या बुफेत तीन तास कोमट राहिलेला पुलाव वाईट. पाणीपुरीचं पाणी आणि बर्फ कुठला, आणि हात कसे आहेत, हे प्रश्न अगदी रास्त आहेत. टायफॉइड आणि कावीळ अशीच पसरते, आणि मी आजही ते प्रश्न विचारते. फक्त ते खाण्याआधी विचारायचे असतात, आणि आपल्या ओट्यावरच्या पातेल्यालाही विचारायचे असतात.

पुढचे शनिवार

रोहनने व्हिडिओ काढून टाकला, पण तोवर तो कुठे कुठे पुढे गेला होता कोण जाणे. त्याने त्याच ग्रुपवर खुलासाही लिहिला. व्हिडिओवर जितके लोक बोलले होते त्याच्या निम्मेही खुलाशावर बोलले नाहीत.

पुढच्या शनिवारी मी, सोनल आणि पश्या परत त्या स्टेशनला गेलो. गाडी नव्हती. त्याच्या पुढच्या शनिवारीही नव्हती. शेजारचा केळीवाला म्हणाला, "गाव गया होगा, इस टाइम जाता है." ते खरं असेलही. मे-जूनमध्ये बरेच जण गावी जातात. पण त्या दोन आठवड्यांत मला प्रबंधाचं एक पानही धड लिहिता आलं नाही.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, पाऊस सुरू झाल्यावर, गाडी दिसली. वर निळी ताडपत्री बांधलेली. त्याने आम्हाला ओळखलं, आणि ओळखल्याचं लगेच चेहऱ्यावर दिसलं. मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं: चूक आमची होती, घरचा भात खराब झाला होता, तुमचं पाणी ठीक होतं. बीजाणू वगैरे काही बोलले नाही. त्याने मध्येच विचारलं, "चावल?" मी म्हणाले, "हाँ, चावल. रात का."

तो थोडा वेळ पुऱ्या फोडत राहिला. मग म्हणाला, "रात का चावल तो हम भी नहीं खाते गर्मी में." एवढंच. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. पश्याने दोन प्लेट खाल्ल्या. सोनलने पहिल्यांदा कैरीचं पाणी चाखलं आणि तिसरी प्लेट मागितली.

मला मात्र कैरीच्या वासानेच पोटात ढवळून आलं. सगळा तक्ता पाठ असूनही. मी मसालापुरी मागितली, सुकी.

आता आमच्या घरात भात उरला की तो परातीत पसरून निववतो आणि तासाभरात फ्रीजमध्ये ठेवतो. आंबे बाहेर राहतात. आणि ग्रुपमध्ये एक नवीन नियम आलाय: कोणाचं पोट बिघडलं तर आधी सगळ्यांनी मागच्या दोन दिवसांत काय खाल्लं ते लिहायचं. ज्यांना काही झालं नाही त्यांनीही. फोन खिशातून काढायचा तो त्यानंतर.